आपोआप फोटो काढणारा रातकिडा

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या तीन वर्षांतले जेवढे फोटो आमच्या घरात आहेत, त्या सगळ्यांत मी आहे, सासूबाई आहेत, मामंजी म्हणजे माझे सासरे आहेत, आणि शेजारच्या काकू आहेत. माझे यजमान एकाही फोटोत नाहीत.

कारण अगदी साधं होतं. कॅमेरा त्यांचा होता. सोलापुरातल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत, आणि विलायतेला निघालेल्या एका इंजिनियरकडून त्यांनी तो जुना कॅमेरा घेतला होता. लाकडी पेटी, काळ्या कातड्याचा भाता, तीन पायांचा स्टँड आणि कळ दाबायला वीतभर लांबीची वायर. फोटो काचेच्या प्लेटवर निघे. कळ दाबायला माणूस लागे, आणि ती कळ ते दुसऱ्या कोणाला दाबू देत नसत.

शेजारच्या काकूंचं कारणही साधंच होतं. मामंजी कोर्टात नाझर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते आणि त्यांचे काही नियम होते. तिघांचा फोटो काढू नये, तिघांतला एक जातो, हा त्यातला एक. हे कॅमेऱ्यामागे गेले की आम्ही उरायचो तिघंच. मग भिंतीपलीकडून काकूंना हाक जायची. त्या बिचाऱ्या हातातलं काम टाकून, पदर सारखा करून, चौथ्या म्हणून येऊन उभ्या राहायच्या. तिशीच्या होत्या, ठसठशीत होत्या, आणि फोटोत फार छान यायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत असल्यामुळे महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असत.

हे सगळे फोटो मी दुधनीला आईकडे पाठवत असे. आईला बरं वाटावं, एवढाच हेतू.

सन तीसची मार्शल लॉची गडबड होऊन गेली होती, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळेवर वाजायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. एके सकाळी माझा धाकटा भाऊ न कळवता दुधनीहून आला. हातात तुरीच्या डाळीची पिशवी. तो तिथल्या एका अडत दुकानात कामाला होता आणि हंगामाच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे.

"काय रे, असा अचानक?"

"काय न्हाई. आलो सहज."

तो सहज दोन दिवस बसून राहिला. हे शाळेत निघाले की दारापर्यंत जाऊन बघायचा, परत आले की पुन्हा दारापर्यंत जाऊन बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू विरजण मागायला आल्या, तसा तो ताडकन उभाच राहिला. काकू गेल्यावर हळूच मला म्हणाला, "ताई, ही हितंच ऱ्हाती का?"

"भिंतीपलीकडं राहतात."

"भिंतीपलीकडं म्हंजे, चूल वेगळी हाय?"

"अरे, चूल वेगळी, घर वेगळं, नवरा वेगळा. काय झालंय तुला?"

तो मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. मग सगळं सांगितलं. आईनं फोटो आल्यागेल्याला दाखवले होते. फोटोत जावई नाही, आणि प्रत्येक फोटोत ही एक अनोळखी बाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. बायकांनी दोनात दोन मिळवले. "समदं गाव म्हनतंय, मास्तरानं दुसरी केली आन् त्वांडानं सांगायची लाज वाटली म्हनून फोटू धाडून कळवलं. आई तीन दिस नीट जेवली न्हाई. मला म्हनली, जाऊन बगून ये."

हे आतल्या खोलीत वह्या तपासत होते. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेर आले ते कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला म्हणाले, "मी फोटोत आलो पाहिजे."

"मग काकूंना सांगा की कळ दाबायला."

"काकूंना नाही," ते म्हणाले. "आता तर नाहीच."

ह्यांचा फोटो पाठवीन, असा शब्द माझ्याकडून घेऊन भाऊ गेला आणि आमच्या घरात शोध सुरू झाला. आधी दोऱ्याचा प्रयोग. काळा दोरा कॅमेऱ्याच्या खटक्याला बांधला, भिंतीतल्या खुंटीवरून फिरवून आणला आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधला. अंगठा ओढला की फोटो निघणार. फोटो निघाला, पण अंगठ्याला जोर जास्त झाला आणि कॅमेराच कलंडला. त्या फोटोत भिंत, खिडकी, मामंजी, सगळं एका अंगाला झुकलेलं आहे, बैलगाडीचं चाक निखळल्यासारखं.

मग रबरी फुगा आला. सायकलच्या भोंग्याला असतो तसा रबरी गोळा, त्याला दहा हात लांब नळी. गोळा दाबला की नळीतून हवा जाते आणि कळ दाबली जाते. पण नळी इतकी लांब की हाताच्या दाबानं हवा पोचेना. दोन्ही हातांनी दाबलं तरी पोचेना. तेव्हा ह्यांनी गोळा खुर्चीवर ठेवला, वर धोतर सावरून घेतलं आणि त्यावर बसले. हवा पोचली. पण ती जाताना जो आवाज झाला, तो थोरामोठ्यांसमोर होऊ नये असाच होता. त्या क्षणाला आम्ही तिघांनीही ह्यांच्याकडे बघितलं, आणि त्याच क्षणाला फोटो निघाला.

तोही दुधनीला पाठवता येण्यासारखा नव्हता. मामंजींची त्यातली नजर बघवत नाही.

शेवटी मुंबईच्या एका दुकानाचं सूचीपत्र मागवलं. त्यात घड्याळासारखी यंत्रं होती. चावी द्यायची, कॅमेऱ्याच्या वायरला अडकवायचं आणि जाऊन बसायचं. थोड्या वेळानं यंत्र आपणहून कळ दाबतं. दोन प्रकार होते. एकाची वेळ ठरलेली, दहा-बारा सेकंद. दुसऱ्यात वेळ लावून घेता येई, अगदी तीन मिनिटांपर्यंत.

ह्यांचं मत पहिल्याच्या बाजूनं. मोडायला त्यात कमी भाग, असं ते म्हणत. मामंजींनी ते ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि निकाल दिला. "दहा सेकंद म्हणजे तू धावत येणार. वडीलमाणसं बसलेली असताना मुलगा धोतर धरून धावत येतो, हे शोभत नाही. तीन मिनिटांचं मागव. सावकाश चालत ये. नमस्कार कर. मग बस."

तीन मिनिटांचं मागवलं.

पार्सल आलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, आत तपकिरीची डबी आहे. काड्यापेटीएवढंच होतं ते, निकेलचं, बाजूला एक चावी आणि वर एक, दोन, तीन असे आकडे. चावी जरा फिरवली की आतून किर्रर्र आवाज यायचा. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं रातकिडा. तेच घरात रूढ झालं.

सोबत एक कागद होता. वापर कसा करावा, काय करू नये, सगळं त्यावर बारीक अक्षरात छापलेलं. पण यंत्र जर्मनीचं आणि कागदही जर्मनच. इंग्रजीत एक ओळ नाही.

ह्यांच्या शाळेत संस्कृतचे शास्त्रीबुवा होते. जर्मन ही संस्कृतचीच नात, असं ते वर्गात नेहमी सांगत. ह्यांनी कागद त्यांच्याकडे नेला तर ते संध्याकाळी स्वतःच घरी आले, पाट मागून घेतला आणि कागद गुडघ्यावर पसरून बसले. रोमन अक्षरं त्यांना वाचता येत होती. एकेक शब्द ते मोठ्यांदा म्हणत.

"द्राय! बघा, त्रि. तीन. म्हणालो नव्हतो?" मामंजींनी मान डोलावली. पहिलाच शब्द बरोबर निघाल्यावर आमचा सगळ्यांचा विश्वास बसला.

कागदाच्या मध्यभागी दोन शब्द ठळक ठशात छापले होते. शेजारी चावीचं चित्र होतं. शास्त्रीबुवांनी ते चार वेळा म्हटले. "निष्ट ऊबरद्रेहेन. निष्ट ऊबर द्रेहेन." मग त्यांचा चेहरा उजळला. "निष्ट म्हणजे निष्ठा. ऊबर म्हणजे उपरि, वर. आणि द्रेहेन हे तर सरळ दृढेन. तृतीया विभक्ती! निष्ठेने, वरपर्यंत, दृढपणे. चावी देताना हात सैल सोडू नये, असा आदेश आहे."

ह्यांनी आदेश पाळला. निष्ठेनं, वरपर्यंत, दृढपणे चावी दिली. शेवटी फिरेना, तेव्हा पक्कड आणली.

पहिला प्रयोग दुसऱ्या दिवशी अंगणात झाला. मामंजी आणि सासूबाई खुर्च्यांवर, मी मागे उभी, माझ्याशेजारी ह्यांची मोकळी जागा. काकू सवयीनं भिंतीपलीकडून आल्या होत्या, त्यांना मोठ्या सन्मानानं परत पाठवलं. ह्यांनी प्लेट घातली, रातकिडा वायरला अडकवला, खटका सोडला, सावकाश चालत आले, वडिलांना नमस्कार केला आणि उभे राहिले.

किर्रर्र चाललं होतं. मग थांबलं. फोटो काही निघाला नाही.

आम्ही वाट बघितली. आत चुलीवर दूध होतं, त्याचा उतू गेल्याचा वास आला. सासूबाई बसल्या जागी म्हणाल्या, "दूध." मामंजी म्हणाले, "हलू नका." आणखी थोडा वेळ गेला. शेवटी हे म्हणाले, "बंद पडलेलं दिसतंय," आणि कॅमेऱ्यापाशी जाऊन, वाकून, भिंगासमोर तोंड नेऊन काय झालंय ते बघायला लागले.

टक्.

तो ह्यांचा कॅमेऱ्यासमोरचा पहिला एकट्याचा फोटो. त्यात एक प्रचंड अंधुक डोळा आहे आणि खाली मिशीचं रान. मी शब्द दिल्याप्रमाणे तो दुधनीला पाठवला. आठ दिवसांनी भावाचं कार्ड आलं: आई विचारते, हे काय आहे?

पुढचे दोन आठवडे रातकिडा कधी सात सेकंदांत वाजे, कधी पाच मिनिटं गप्प बसून मग वाजे. प्लेटा संपत चालल्या. पाठमोरे यजमान, वाकलेले यजमान, नुसतं धोतराचं टोक असे फोटो जमा झाले. तेवढ्यात व्हिएन्नाला राहून आलेल्या एका डॉक्टरांची आणि ह्यांची गाठ पडली. ह्यांनी खिशातला कागद दाखवला. डॉक्टरांनी ठळक शब्दांवर नजर टाकली आणि म्हणाले, "यात काय कठीण आहे? चावी जास्त पिळू नये, असं लिहिलंय."

ह्यांनी ते शास्त्रीबुवांना सांगितलं. शास्त्रीबुवा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "धातू मी सांगितले तेच आहेत. अर्थ त्यांनी बिघडवला."

मग रातकिडा घड्याळजीकडे गेला. बाजारात एक म्हातारे घड्याळजी बसत, डोळ्याला सदा भिंग लावलेलं. त्यांनी यंत्र उघडलं, बराच वेळ आत बघितलं, आणि एखाद्या बिघडलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "मास्टरसाब, इसकी कमान कू भोत पीळे तुम. अब ये अपने मर्जी का मालिक है. चलता तो है, पन कब चलता, सो मैं नै बोल सकता."

नवं यंत्र मागवायला वेळ नव्हता. पुढच्या आठवड्यात मामंजींची साठीशांत होती.

माणसं आदल्या दिवसापासूनच यायला लागली. नातेपुत्याहून मामंजींच्या थोरल्या बहिणी आल्या, त्यांना आम्ही आत्या म्हणत असू. आत्यांचं आणि सासूबाईंचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आत्यांच्या मुलीच्या लग्नात काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आत्या भावासाठी आल्या, पण उतरल्या दुसऱ्या नातेवाइकांकडे. आमच्या घरात आल्या तेव्हा सासूबाईंना सोडून सगळ्यांशी बोलल्या, अगदी काकूंशीसुद्धा.

सकाळी विधी आटोपले आणि मामंजींनी जाहीर केलं की जेवणाआधी सहकुटुंब फोटो होईल आणि त्यात मुलगाही असेल. प्लेट एकच उरली होती.

तुम्ही म्हणाल, एवढी माणसं जमली होती, एखाद्याला कळ दाबायला सांगायचं. मीही तेच म्हटलं. मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवासमोर चपला घातल्यात. "मुंबईहून यंत्र आणवलंय," ते म्हणाले, "आणि कळ दाबायला माणूस बोलवायचा?"

कडुनिंबाच्या सावलीत सतरंजी पसरली. मधोमध खुर्च्यांवर मामंजी आणि सासूबाई. वडीलधाऱ्यांनी मधे बसायचं, या न्यायानं मामंजींनी सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला आत्यांना बसवलं. दोघीही सरळ समोर बघत बसल्या. मी त्यांच्या मागे उभी. बाकीची वीस-बावीस माणसं दोन्ही बाजूंना आणि खाली सतरंजीवर. काकूही येऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या घरात फोटो निघतोय आणि आपण त्यात नाही, असं त्यांना आता वाटेनासंच झालं होतं.

ह्यांनी प्लेट घातली, तिच्यावरचं झाकण ओढलं, रातकिडा सोडला, सावकाश चालत आले, नमस्कार केला आणि सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसले. किर्रर्र. मग शांत.

आता खरी अडचण सुरू झाली. ती घरातल्या आम्हा चौघांना पक्की ठाऊक होती. यंत्र शांत झालं म्हणजे ते बंद पडलेलं असेल, किंवा आता वाजणार असेल. ते बघायला जावं, तर जाणाऱ्याचं नाक प्लेटवर येणार. आणि प्लेट एकच. मामंजींनी ओठ न हलवता हुकूम सोडला, "कोणीही हलायचं नाही." बाहेरगावच्या मंडळींनी तो मुकाट्यानं मानला. फोटो असाच निघत असेल, असं त्यांना वाटलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग अर्धा तास झाला असेल. पुढे बसलेलं एक लहान मूल झोपलं आणि आईच्या मांडीवर कलंडलं. तिनं हात न हलवता त्याला गुडघ्यानं सरळ केलं. आतून आचाऱ्यानं हाक मारली, "पानं मांडू का?" तो दारात आला, पंचवीस माणसं नुसती समोर बघत बसलेली त्यानं बघितली, आणि हळूच आत गेला. गिरणीचा भोंगा झाला. निंबाची सावली सरकली आणि डावीकडची अर्धी मंडळी उन्हात आली. भटजी ओसरीवर बसून जानव्याशी चाळा करत होते. मी पायाची बोटं चपलेत आळीपाळीनं हलवत होते, तेवढंच काय ते सुख.

तेव्हा मला समोरून, खाली, एक कुजबूज ऐकू आली. आत्या बोलत होत्या. मान सरळ, चेहरा फोटोसाठी ठेवलेला, ओठ जरासे उघडे आणि अगदी स्थिर. नऊ वर्षांनंतर वहिनी शेजारी सापडली होती, ती उठून जाऊ शकत नव्हती आणि आत्याही नव्हत्या.

"नऊ वरसं झाली," आत्या दातांतून म्हणाल्या. चाळीस वर्षं नातेपुत्यात काढून त्यांची बोली पार तिथली झाली होती. "चारचौघांत तू नाव ठिवलंस. काळजाला लई लागलं."

सासूबाई तशाच ओठ न हलवता म्हणाल्या, "कशाला नाव ठेवलं?"

"आता आठवत न्हाई व्हय? कुरण."

आता पुरणातला 'पु' हा ओठ मिटल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि ओठ मिटले तर फोटो बिघडणार. आत्यांच्या तोंडून जे निघालं ते 'कुरण' असं निघालं. मला ते मागून नीट ऐकू आलं, आणि सासूबाईंनाही.

"कुरण?" सासूबाईंनी विचारलं. "कुठलं कुरण?"

"लेकीच्या लग्नातलं. कोरडं हाय, सांगत सुटलीस."

नातेपुत्याला आत्यांच्या यजमानांची जमीन होती, गुरं होती. आणि त्या सालात पाऊस झाला नव्हता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सासूबाईंच्या आवाजात एकदम काळजी आली. "अरे देवा. कुरण कोरडं गेलं? गुरांचं काय केलंत?"

"गुरं?" आत्या म्हणाल्या.

"विकलीत?"

"कुनी इकली?"

"अहो, नऊ वर्षं झाली आणि एका शब्दानं कळवलं नाहीत? एवढं सोसलंत एकट्यांनी? मला वाटायचं, तुम्ही रागानं येत नाही." ओठ हलताहेत याचं सासूबाईंना आता भानच नव्हतं. मान तशीच सरळ. पण मला मागून त्यांच्या गालावरून ओघळणारा थेंब दिसला. "चार गुरं आम्ही नसती का सांभाळली? तुमच्या भावानं स्वतः येऊन नेली असती."

आत्यांची मोठी पंचाईत झाली. नऊ वर्षं ज्या माफीची वाट बघितली ती तर मिळत नव्हती, आणि त्याऐवजी न विकलेल्या गुरांबद्दल खरं रडू मिळत होतं. त्यांनी थोडा वेळ सहन केलं. एकदा म्हणाल्या, "गुरं हाईत." सासूबाई म्हणाल्या, "आता काय लपवता." मग मात्र आत्यांना राहवेना. मामंजींचा हुकूम, प्लेट, पंचवीस माणसं, सगळं विसरून त्या गर्रकन सासूबाईंकडे वळल्या आणि अंगणभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "कुरण न्हाई गं बये! पुरण! पुरण!"

सासूबाईही त्यांच्याकडे वळल्या.

टक्.

पंचवीस माणसांनी एकदम श्वास सोडला. झोपलेलं मूल जागं होऊन रडायला लागलं. मामंजी उठले, छडीवर भार देत दोघींसमोर आले आणि कोर्टात बोलावं तसं म्हणाले, "हे काय चाललंय?"

आत्यांना हसू फुटलं होतं. सासूबाई डोळे पुसत म्हणत होत्या, "मी? तुमच्या पुरणपोळीला कोरडी म्हणाले? मला तर आठवतंय, तूप नुसतं मनगटापर्यंत ओघळत होतं." आत्या म्हणाल्या, "म्हनली न्हाईस?" सासूबाई म्हणाल्या, "म्हणाले असेनही. नऊ वर्षं झाली, काय आठवतंय." आणि मग दोघीही हसत सुटल्या. उन्हात बसून चेहरे लाल झालेले, एकमेकींचा हात धरलेला.

जेवणं दोन तास उशिरा झाली. आत्यांनी संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरून आपली पिशवी मागवून घेतली आणि आमच्याकडे पंधरा दिवस राहिल्या.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या खिडकीला जाड चादर लावून ह्यांनी प्लेट धुतली. वाळल्यावर ती कागदावर ठेवून उन्हात छाप काढला. मी शेजारीच होते. कागदावर हळूहळू माणसं उमटायला लागली. एक कड धुकटलेली, प्लेट फार वेळ उघडी राहिल्यामुळे. बाकी सगळं लखलखीत. दोन्ही रांगा, खालची मुलं, कडेला पदर सावरलेल्या काकू, सगळे अगदी नमुन्यासारखे समोर बघताहेत. आणि मधोमध, साठीच्या उत्सवमूर्तीच्या शेजारी, त्यांची साठीपार बहीण ओठांचा चंबू करून त्यांच्या बायकोच्या गालाजवळ गेलेली. 'पु' म्हणताना ओठ जसे होतात तसेच ते आले होते. पण कागदाला आवाज नसतो. फोटो बघणाऱ्या माणसाला दिसतं ते एकच, की म्हातारी नणंद भावजयीचा मुका घेतेय आणि भावजय ढसाढसा रडतेय.

मामंजींनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. दिवाणखान्यात लावावा की नाही, यावर त्यांनी एक दिवस विचार केला आणि मग लावायला सांगितला. येणाराजाणारा त्यासमोर थांबायचा, मधल्या दोघींकडे बघायचा, हसायचा, चौकशी करायचा. सासूबाई प्रत्येकाला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायच्या, कुरणासकट.

छाप काढला त्या दुपारी मात्र फोटो अजून आमच्या दोघांपुरताच होता. मी हसून हसून थकले होते. हे कागद खिडकीपाशी घेऊन गेले आणि एका टोकाला बोट ठेवून बघत राहिले. तिथे सतरंजीवर मांडी घालून ते स्वतः बसले होते. पूर्ण, सरळ, दोन डोळे, एक नाक, मिशी जागच्या जागी. मधला गोंधळ त्यांना दिसलाच नसावा, इतके ते त्या कोपऱ्यात गुंतले होते.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "मी जरा काळा आलोय का गं?"

"तुम्ही उन्हात बसला होतात," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "सावली सरकली होती."